पक्षाचं तिकीट मागायचंय? इच्छुकापासून एबी फॉर्मपर्यंतची वाट

अमेरिकेत पक्षाचा उमेदवार कोण, हे ठरवायला वेगळी प्राथमिक निवडणूक होते. पक्षाचे मतदार केंद्रावर जाऊन मत देतात आणि जिंकेल तो पक्षाचा उमेदवार. आपल्याकडे २०१४ च्या लोकसभेला काँग्रेसने निवडक मतदारसंघांत तसा प्रयोग केला होता. महाराष्ट्रात त्यात वर्धा आणि लातूर होते. पालिकेच्या प्रभागापर्यंत तो कधी उतरला नाही. आपली प्राथमिक फेरी शासकीय विश्रामगृहावरच्या मुलाखतीत, जिल्हाध्यक्षांच्या कार्यालयाबाहेरच्या गर्दीत आणि अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत होते. तिचे नियम कुठे छापलेले नसतात, म्हणून घराणं आणि पैसा मागे नसलेला कार्यकर्ता तिथे मार खातो. मी बरीच वर्षं आमच्या गावात इच्छुकांचे कागद जुळवून देतो. तिकीट नाकारलं गेलं म्हणून रडलेले जेवढे पाहिले, जवळपास तेवढेच तिकीट मिळूनही कागदापायी घरी बसलेले पाहिले. हा लेख नगरपरिषद, नगरपंचायत आणि महापालिकेला उभं राहू पाहणाऱ्या साध्या कार्यकर्त्यासाठी आहे.

पक्षाच्या दारात जाण्याआधी घरात बसून तपासा

पहिला प्रश्न पक्षाचा नाही, पात्रतेचा आहे. नगरसेवकासाठी वय २१ पूर्ण हवं आणि त्या शहराच्या मतदार यादीत नाव हवं. तुम्ही शहरातल्या कुठल्याही प्रभागातून उभे राहू शकता. सूचक, म्हणजे अर्जावर तुमचं नाव सुचवून सही करणारा, मात्र ज्या प्रभागातून लढताय तिथलाच मतदार लागतो. हे अनेकांना ठाऊक नसतं. मग ऐन वेळी शेजारच्या प्रभागातला मेहुणा सूचक म्हणून सही करतो आणि अर्ज अडकतो.

१२ सप्टेंबर २००१ नंतर झालेल्या अपत्यामुळे एकूण अपत्यं दोनपेक्षा जास्त होत असतील, तर अपात्रता येते. याबाबत कुणाच्या भरवशावर राहू नका. शाळेच्या दाखल्यांवरच्या तारखा स्वतः पाहा, कारण विरोधक त्या काढणारच आहेत. घरात शौचालय आहे आणि ते वापरात आहे, याचाही कागद लागतो. पालिकेची घरपट्टी-पाणीपट्टी थकलेली नको. आणि पालिकेच्या कुठल्याही ठेक्यात तुमचा हात नको, भागीदारीतूनही नाही. पावसाळ्यात पालिकेला दोन टँकर लावणाऱ्या माणसाला आपण ठेकेदार आहोत असं वाटतच नाही. छाननीच्या टेबलावर ते दुसऱ्याला वाटतं.

मतदार यादीचं एक वेगळं सांगतो. पालिका निवडणुकीसाठी स्वतंत्र यादी तयार होत नाही. विधानसभेची यादी प्रभागांप्रमाणे फोडली जाते. २०२५-२६ च्या निवडणुकांना १ जुलै २०२५ ची यादी धरली, म्हणजे त्यानंतर नोंदवलेलं नाव चाललं नाही. नावनोंदणी निवडणुकीच्या घोषणेची वाट न पाहता करायची असते ती यासाठी.

सोडत निघण्याआधी एकच जागा मनात धरू नका

प्रभागाचं आरक्षण सोडतीने ठरतं आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात. पाच वर्षं राबलेल्या माणसाचा प्रभाग एका चिठ्ठीत महिला राखीव होतो. मग दोन गोष्टी घडतात. एक तर तो शेजारच्या प्रभागात घुसतो, जिथे त्याला कुणी ओळखत नाही. नाही तर रात्रीतून बायकोचं नाव पुढे करतो. या दुसऱ्या प्रकाराबद्दल माझं मत स्पष्ट आहे. बचत गटाच्या बैठका घेणारी, रेशनच्या दुकानात भांडून लोकांचं धान्य मिळवून देणारी बाई त्याच प्रभागात असते आणि तिकीट मात्र कुणाच्या तरी सौभाग्यवतीला जातं. अशा बाईने सोडतीच्या दुसऱ्या दिवशी स्वतःच्या नावाने पक्षाकडे अर्ज द्यावा. ‘आम्ही तुमचा विचार करू’ हे ऐकून घरी बसू नये. ज्याचा लेखी अर्ज नाही, त्याचं नाव चर्चेच्या यादीतही येत नाही.

सोडतीआधी दोन-तीन शक्यता धरून कागद तयार ठेवा. खुला निघाला तर काय, ओबीसी निघाला तर काय, महिला निघाला तर घरातलं किंवा गटातलं कोण. हे वहीत लिहून ठेवलेलं असलं की सोडतीच्या संध्याकाळी डोकं थाऱ्यावर राहतं.

जात वैधता: सगळ्यात जास्त वेळ इथे जातो

राखीव जागेवर लढायचं तर अर्जासोबत जात वैधता प्रमाणपत्र लागतं. ते हातात नसेल, तर पडताळणी समितीकडे अर्ज केल्याचा पुरावा जोडावा लागतो आणि निवडून आल्यावर सहा महिन्यांत प्रमाणपत्र देईन असं हमीपत्र द्यावं लागतं. मुदतीत ते आलं नाही की निवडून आलेली जागा जाते. म्हणून ‘पोच आहे ना, चालतंय’ म्हणून सोडून देण्याची ही गोष्ट नाही. शिवाय मुलाखतीत पक्षाने पाठवलेले निरीक्षक सुरुवातीलाच हे विचारतात. वैधता हातात असलेल्या इच्छुकाकडे पक्ष वेगळ्या नजरेने पाहतो, कारण पुढे जागा जाण्याचा धोका नसतो.

समितीला मूळ पुरावा जुना लागतो. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांच्या आधीचा. आजोबा-पणजोबांच्या शाळेतला प्रवेश-निर्गम उतारा, जन्म-मृत्यूची गाव नमुना १४ ची नोंद, जुनं खरेदीखत, असं काहीतरी. फार जुनी नोंद मोडी लिपीत असते. मग ती वाचून लिप्यंतर करून देणारा जाणकार शोधावा लागतो.

लग्न झालेल्या बाईचा घोळ निराळा. जात वडिलांकडून येते, म्हणजे सगळे पुरावे माहेरचे. आमच्याकडच्या एका ताईंसाठी मी त्यांच्या भावाबरोबर त्यांच्या माहेरच्या जिल्हा परिषद शाळेत गेलो होतो. मुख्याध्यापकांनी लोखंडी कपाटातून कापडी बांधणीचं रजिस्टर काढलं. पानं कडेने कुरतडलेली. आजोबांचं नाव सापडलं, जातही स्पष्ट, पण आडनावाच्या जागी नुसतं गावाचं नाव. ती एक नोंद आणि आजचं आडनाव यांची सांगड घालायला वंशावळीचं शपथपत्र, चुलत भावाची वैधता आणि सातबाऱ्याचा जुना फेरफार एवढं सगळं लागलं. त्यात माहेरचं नाव, सासरचं नाव आणि विवाह नोंदणीचा दाखला जुळवणं आलंच. यात महिने गेले. निवडणूक जाहीर झाल्यावर हे सुरू केलं असतं तर हाती नुसती पोच राहिली असती.

पक्षाकडे काय घेऊन जायचं

इच्छुकांचे अर्ज पक्ष मागवतात, काही जण त्यासोबत शुल्कही घेतात. त्याची पावती घ्या. अर्जात सदस्यत्वाचा क्रमांक, आजवरची पदं, आंदोलनं, मागची निवडणूक असे रकाने असतात. क्रियाशील किंवा सक्रिय सदस्य असाल तर त्याचा पुरावा जोडा. निष्ठेची भाषणं सगळेच करतात, सलग नूतनीकरण केलेलं सदस्यत्व थोड्यांकडे असतं.

मुलाखत चार-पाच मिनिटांची असते. समोर निरीक्षक, जिल्हाध्यक्ष, कधी आमदार. बाहेर पंचवीस जण शाल-फेटे घालून समर्थकांसह उभे. घोषणा देणारे शंभर लोक आणून फार फरक पडत नाही, कारण आतल्या माणसाने तेच दृश्य सकाळपासून पाहिलेलं असतं. फरक पडतो एका कागदाने. मी प्रत्येक इच्छुकाला हा कागद करायला लावतो.

एकाच पानावर प्रभागातली सगळी मतदान केंद्रं खाली खाली लिहायची. प्रत्येकासमोर एकूण मतदार, मागच्या पालिकेला आणि मागच्या विधानसभेला पक्षाला पडलेली मतं, तिथले आपले दोन माणसं, आणि तिथला एक खरा प्रश्न. ‘पाणी’ असं मोघम लिहायचं नाही. ‘मारुती मंदिरामागच्या गल्लीत नळाला दाब नाही, वरच्या सहा घरांना पाणीच चढत नाही’ असं लिहायचं. हे पान भरण्यासाठी यादी घेऊन दारोदार जावंच लागतं, आणि त्या फिरण्यातच तुमचं निम्मं काम होतं. यादीत मेलेल्यांची नावं कुठे आहेत, पुण्या-मुंबईला गेलेले किती, नवरा एका प्रभागात नि बायको दुसऱ्या प्रभागात कुठे पडली, हे कळतं. प्रारूप यादीवर हरकती घ्यायची मुदत असते, ती याच वेळी साधायची. यादी फोडताना एखाद्या गल्लीची गल्ली पलीकडच्या प्रभागात जाते. ती तुमच्या हक्काची असेल तर हरकत तुम्हीच घ्यायला हवी, दुसरा कुणी घेणार नाही.

‘खर्च किती कराल’ हा प्रश्न मुलाखतीत येतोच. मोठा आकडा फेकू नका. कायद्याची मर्यादा माहीत आहे हे दिसू द्या आणि माणसं किती आहेत ते सांगा. आणि एक कळकळीने सांगतो: ‘वरपर्यंत ओळख आहे, अमुक द्या, तिकीट पक्कं’ म्हणणारा मध्यस्थ भेटला तर उठून या. त्याच्या नादाने दागिने गहाण ठेवलेलं घर मी पाहिलं आहे. ज्याच्याकडे सहीचा अधिकार नाही, तो तिकीट देऊ शकत नाही.

प्रभागात तुम्ही एकटे नसता

मुंबईत एका प्रभागात एक नगरसेवक. नगरपंचायतीतही १७ प्रभाग, १७ सदस्य. बाकी ठिकाणी बहुसदस्य पद्धत आहे. नगरपरिषदेत साधारण दोन जागा, अ आणि ब. इतर महापालिकांत बहुतेक चार, अ, ब, क, ड. पुण्यात २०२६ ला ४१ प्रभागांत १६५ जागा होत्या. मतदार प्रत्येक जागेसाठी वेगळं बटण दाबतो. त्यामुळे पक्ष पॅनेल बघतो, एकटा उमेदवार बघत नाही. एकाच आळीचे, एकाच समाजाचे चौघे दिले तर उरलेला प्रभाग दुरावतो. तुमचं नाव चांगलं असूनही कापलं जातं ते बहुधा या गणितात.

म्हणून आपल्याच प्रभागातल्या दुसऱ्या जागेच्या इच्छुकाशी भांडू नका, त्याच्याबरोबर जोडीने मुलाखतीला जा. वेगळ्या वस्तीची, वेगळ्या समाजाची दोन माणसं ‘आम्ही एकत्र लढू’ म्हणून आली की निरीक्षकाचं अर्धं काम झालेलं असतं. जागावाटपाचा घोळ मात्र तुमच्या हातात नाही. युती-आघाडीत ती जागाच मित्रपक्षाला सुटली, तर तुमची फाइल कितीही चांगली असली तरी उपयोग नाही. ही शक्यता पहिल्या दिवसापासून धरून चला.

अर्जाची फाइल

वेळ फार थोडा मिळतो. महापालिकांची निवडणूक १५ डिसेंबर २०२५ ला जाहीर झाली, अर्ज २३ ते ३० डिसेंबर, छाननी ३१ ला, माघार २ जानेवारीपर्यंत आणि मतदान १५ जानेवारीला. महिन्यात सगळं आटोपलं. पक्षाच्या याद्या मात्र शेवटच्या दोन दिवसांपर्यंत लटकलेल्या असतात. तेव्हा तिकीट मिळेल असं धरून फाइल पूर्ण करायची. ती फुकट गेली तर गेली.

फाइलमध्ये मतदार यादीच्या भागाची प्रत, सूचकाच्या नोंदीचा उतारा, जातीचे कागद, थकबाकी नसल्याचा दाखला, शौचालयाचा कागद, अपत्यांविषयीचं घोषणापत्र आणि शपथपत्र. निवडणूक खर्चासाठी वेगळं बँक खातं उघडून त्याचं पासबुकही. अर्ज कधी आयोगाच्या संकेतस्थळावर भरून त्याची छापील प्रत द्यायची असते, कधी थेट कागदावर; २०२५ च्या नगरपरिषदांना संकेतस्थळ अडखळलं म्हणून कागदी अर्जही घ्यावे लागले. त्या-त्या वेळचा आदेश निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयाच्या फलकावर लावलेला असतो. तो स्वतः उभं राहून वाचा.

शपथपत्रात गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण हे सगळं येतं. एकही रकाना कोरा सोडू नका. काही नसेल तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहा. पतीच्या नावावरची दुचाकी, सोसायटीचं पीककर्ज, जुन्या आंदोलनातला गुन्हा, सगळं लिहा. आंदोलनातल्या गुन्ह्याची लाज नसते. तो लपवल्याची असते.

सूचकाचं नाव, भाग क्रमांक आणि अनुक्रमांक यादीवर बोट ठेवून लिहा. आणि अर्ज एकच भरू नका. एका जागेसाठी चारपर्यंत अर्ज देता येतात. एक अर्ज पक्षाचा म्हणून, दुसरा वेगळ्या सूचकाच्या सहीने, असं ठेवलं की एकात चूक निघाली तरी दुसरा उभा राहतो. अपक्ष अर्जाला जास्त सूचक लागू शकतात, ते आदेशात पाहून माणसं आधीच सांगून ठेवा.

एबी फॉर्म

लोक याला एकच फॉर्म समजतात. हे दोन आहेत. ‘ए’मध्ये पक्ष सांगतो की आमच्या वतीने उमेदवाराचं नाव कळवायचा अधिकार अमुक पदाधिकाऱ्याला आहे, त्याच्या सहीचा नमुना हा. ‘बी’मध्ये तो पदाधिकारी सांगतो की अमुक प्रभागातल्या अमुक जागेवर आमचा उमेदवार हा, आणि तो बाद झाला किंवा त्याने माघार घेतली तर पर्यायी हा. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ च्या आत दोन्ही अधिकाऱ्याच्या टेबलावर पोचले पाहिजेत. सही मूळ आणि शाईची हवी. शिक्क्याची सही, झेरॉक्स, मोबाइलवरचा फोटो चालत नाही.

आमच्या गावच्या एका निवडणुकीत ज्यांचे कागद मी केले त्या उमेदवाराला पक्षाने दुपारी एकला फोन केला. जिल्ह्याच्या ठिकाणाहून फॉर्म घेऊन निघालेली गाडी दोन वीसला तहसील कार्यालयाच्या फाटकावर आली. पाकीट फोडलं, नाव बरोबर, प्रभाग बरोबर, जागा मात्र ‘अ’ऐवजी ‘ब’. त्या जागेवर पक्षाचाच दुसरा उमेदवार होता. सहीचा पदाधिकारी सत्तर किलोमीटरवर. कुणीतरी म्हणालं, खोडून दुरुस्त करा. आम्ही तसं केलं नाही, कारण खाडाखोडीवर कुणाची सही घेणार? सुदैवाने त्या पदाधिकाऱ्याने तालुक्यातल्या दुसऱ्या अधिकृत माणसाकडे सही केलेले, जागा न भरलेले दोन कोरे फॉर्म देऊन ठेवले होते. तो माणूस बाजारात सापडला. ‘बी’ फॉर्म भरून टेबलावर ठेवला तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात तीनला सात मिनिटं कमी होती. उमेदवाराच्या हाताला कंप होता, पोच घेताना पेन खाली पडलं.

तेव्हापासून मी एक चिठ्ठी करून देतो. मतदार यादीत आहे तसं पूर्ण नाव, प्रभाग क्रमांक, जागेचं अक्षर, आरक्षणाचा प्रकार आणि सूचकाचं नाव. फॉर्म लिहिणाऱ्याच्या हातात ती चिठ्ठी आदल्या दिवशीच पोचवायची, फोनवर सांगायचं नाही. ‘अ’ आणि ‘ब’ फोनवर सारखेच ऐकू येतात. ‘ए’ फॉर्मवर ज्याची सही नमुन्याला आहे, त्याच माणसाची सही ‘बी’वर आहे ना, हेही ताडून पाहा. फॉर्म घेऊन येणारी गाडी एकवर सोडू नका. जवळचा एक भरवशाचा माणूस तिकडे सकाळपासून बसवा. आणि तुम्ही अडीचच्या आत आवारात असा.

छाननी आणि माघार

छाननीला उमेदवार, सूचक आणि कागद जाणणारा एक माणूस असे तिघे हजर राहा. आपल्यावर हरकत आली तर मूळ कागद जागेवर दाखवता आला पाहिजे, ‘घरी आहे’ म्हणून भागत नाही. अर्ज बाद झाला तर लेखी आदेशाची प्रत लगेच मागा. नगरपरिषदेत त्यावर जिल्हा न्यायालयात अपील होतं. २०२५ ला २ डिसेंबरचं मतदान काही ठिकाणी अशा अपिलांमुळेच २० डिसेंबरवर गेलं.

तिकीट हुकलं तर? अपक्ष अर्ज भरलेला असतो, मागे माणसं ओरडत असतात, पक्षाचे लोक समजूत काढायला येतात. बंडखोरीला पक्षाकडून सहा वर्षांच्या हकालपट्टीची शिक्षा ठरलेलीच. लढायचं की थांबायचं, हे त्या गर्दीत ठरवू नका. अर्ज भरण्याच्या आदल्या रात्री घरात बसून ठरवा: पॅनेलमधली किती मतं आपली एकट्याची आहेत, पुढची पाच वर्षं पक्षाबाहेर काढायची तयारी आहे का, घरच्यांची काय तयारी आहे. केंद्रनिहाय कागदावर आपल्या हक्काची मतं खरीच दिसत असतील तर लढा. नुसता अपमान झाला म्हणून लढलेल्यांचे आकडे मी पाहिले आहेत, फार कमी असतात. थांबायचं ठरलं तर माघारीचा अर्ज स्वतःच्या सहीने, मुदतीत द्या आणि पोच घ्या. माघारीच्या बदल्यात ‘स्वीकृत नगरसेवक करू’, ‘समिती देऊ’ अशी आश्वासनं मिळतात. ती दोन साक्षीदारांसमोर घ्या.

खर्चाची वही अर्जाच्या दिवशी उघडा

२०२५-२६ ला महापालिकेच्या उमेदवाराची मर्यादा महापालिकेच्या वर्गाप्रमाणे ९ ते १५ लाख होती. नगरपरिषदेच्या सदस्याला अ वर्गात ५ लाख, ब वर्गात साडेतीन, क वर्गात अडीच, आणि नगरपंचायतीत सव्वादोन लाख. पक्षाने पाठवलेला मंडप, मित्राने दिलेली गाडी, याचीही नोंद येते. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यावा लागतो आणि हे हरलेल्यालाही लागू आहे. हरलेला माणूस दार लावून बसतो, हिशेब राहून जातो, आणि तीन वर्षांपर्यंत निवडणूक लढवायला अपात्र ठरू शकतो. मी निकालाच्या दुसऱ्या दिवशी पावत्यांची पिशवी मागायला त्याच्या घरी जातो. चहा होतो, पावत्या तारखेप्रमाणे लावायला घेतो, आणि बोलणं हळूहळू त्या सहा घरांकडे वळतं जिथे अजून पाणी चढत नाही.